रेकॉर्ड लावून पेटीचा रियाज: पट्टी, लय आणि फसवा आधार

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेटी शिकायला लागून चार वर्षं झाली, प्रवेशिका पूर्णची परीक्षा झाली, घरात सोबतीला गाणारं कोणी नाही. म्हणून मोबाइलवर अभंग, नाट्यगीतं, छोटे ख्याल लावून त्यांच्याबरोबर वाजवणं चालतं. काही रेकॉर्डिंगं पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसत नाहीत. द्रुत सुरू झाली की हात मागे राहतो. शिवाय गुरुजी म्हणतात, रेकॉर्ड लावून वाजवत बसू नका. मग असा रियाज करावा का, आणि कसा?

करावा. पण गुरुजी सांगतात त्यात तथ्य आहे. रेकॉर्डला तुम्ही ऐकू येत नाही. तुमचा मुखडा हुकला तरी गायक थांबत नाही, तबलजी सांभाळून घेत नाही. त्यातून चांगल्या आवाजाखाली आपले चुकीचे सूर आपल्यालाच ऐकू येत नाहीत. अर्धा तास वाजवून समाधान वाटतं, आणि मोबाइल बंद करून तेच वाजवायला घेतलं की अंतऱ्याची पहिली ओळही धड निघत नाही. त्यामुळे रेकॉर्डचा आधार घ्यायचा तो ठरलेल्या कामापुरता, आणि दर काही आवर्तनांनी तो काढून बघायचा.

आधी पट्टीचं बघू, कारण निम्मे लोक इथेच अडकतात.

रेकॉर्डिंग दोन पट्ट्यांच्या मध्ये पडण्याची कारणं वेगवेगळी असतात. एक म्हणजे गायकाने तंबोरे आपल्या गळ्याप्रमाणे लावलेले असतात. साथीला पेटी असेल तर तंबोरे पेटीच्या सुराला मिळवावेच लागतात. साथीला सारंगी असेल तर तसं बंधन नसतं. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, त्यामुळे त्या काळातल्या रेडिओच्या ध्वनिमुद्रणांत सारंगी किंवा नुसते तंबोरे-तबला असतो आणि षड्ज दोन सुरांच्या मध्ये सापडतो. ही रेकॉर्डिंगं आपल्या कामाला मात्र फार चांगली. त्यांत दुसरी पेटी नसल्याने आपली चूक झाकली जात नाही.

दुसरं कारण वेगाचं. जुनी तबकडी मिनिटाला ७५ फेऱ्यांनी रेकॉर्ड झालेली असेल आणि कोणीतरी ती ७८ वर वाजवून संगणकात घेतली असेल, तर ती ६८ सेंट चढी ऐकू येते. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. पांढरी एक आणि काळी एक या पेटीच्या लागोपाठच्या पट्ट्या, त्यांच्यातलं अंतर १०० सेंट. कॅसेटवरून घेतलेल्या गाण्यांतही हाच घोटाळा असतो. डेक ३ टक्के जलद चालत असेल तर सूर ५१ सेंट चढतो, म्हणजे बरोबर दोन पट्ट्यांच्या मध्ये. इथे स्केल चेंजर पेटीचा काही उपयोग नाही. तिचा पट्टा अर्ध्या-अर्ध्या सुराने सरकतो, त्याच्या आतला फरक ती मिटवू शकत नाही. पेटीचे सूर घासून घेण्याचा विचारही करू नका. रेकॉर्डिंगच हलवायचं.

त्यासाठी पहिल्यांदा षड्ज पक्का शोधा. गाणं सुरू होण्यापूर्वी तंबोरे ऐकू येतात ती जागा सर्वात चांगली. ती कापलेली असेल तर आलाप संपवून गायक जिथे विसावतो तो सूर घ्या, किंवा अभंगाची शेवटची ओळ. मुखड्याचा पहिला सूर षड्ज धरू नका. बंदिश पंचमावरून, गंधारावरून, कुठूनही उठते. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला लावलेली असते आणि नवशिका तोच सा धरून बसतो. मग पुढचे सगळे सूर विचित्र लागतात आणि दोष रेकॉर्डिंगला दिला जातो. शंका आली की चारही तारा मोजा. मधल्या दोन तारा, म्हणजे जोडी, षड्जाचीच असते.

षड्ज सापडला की गायकाने तो लांब धरलेली दोन-तीन सेकंदांची जागा ट्यूनर अॅपला ऐकवा. पेटी ४४० ला लावलेली असेल (म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झला) तर मध्य सप्तकात पांढरी एक २६१.६, काळी एक २७७.२, पांढरी दोन २९३.७ आणि काळी दोन ३११.१ हर्ट्झ. पुरुष गायक असेल तर साधारण निम्मा आकडा दिसेल, म्हणजे काळी एकला १३८.६. गायिकांचा काळी चारचा षड्ज २०७.७ आणि काळी पाचचा २३३.१. आता समजा, पुरुष गायकाचा षड्ज १३५ दिसला. काळी एकपेक्षा तो ४५ सेंट उतरलेला आहे. पांढरी एकपेक्षा ५५ सेंट चढा आहे. जवळची पट्टी काळी एक, तेव्हा रेकॉर्डिंग ४५ सेंट वर न्यायचं.

इथे आणखी एक तपासणी करायची, जी बहुतेक जण करत नाहीत. तुमची पेटी ४४० ला आहे हे गृहीत धरू नका. मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबून ट्यूनर बघा. ४४२ आली तर पेटीचा प्रत्येक सूर ८ सेंटने चढा आहे, आणि वरच्या उदाहरणात ४५ ऐवजी ५३ सेंट हलवावे लागतील. मोजताना भाता नेहमीइतकाच दाबा. जोराने हवा भरली की सूर किंचित उतरतो आणि मोजमाप चुकतं. एकाच सुरांचा संच उघडा ठेवा. नर-मादी हे दोन्ही संच उघडे असतील आणि त्यांच्यात थोडा फरक असेल तर ट्यूनरचा काटा नाचत राहतो.

रेकॉर्डिंग हलवायला संगणकावर ऑडॅसिटी पुरते आणि ती फुकट मिळते. तिच्यात ‘चेंज पिच’ आणि ‘चेंज स्पीड’ अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत लय तीच राहून फक्त सूर बदलतो. अर्ध्या सुरांच्या रकान्यात ०.४५ टाकलं की ४५ सेंट झाले. दुसरीत सूर आणि लय दोन्ही बदलतात. बरेच जण सरसकट ‘चेंज पिच’ वापरतात. फरक ५० सेंटांच्या आत असेल तर ‘चेंज स्पीड’ बरी, असं माझं मत. ४५ सेंट म्हणजे वेगात २.६ टक्क्यांची वाढ, तेवढी लय वाढल्याचं रियाजात जाणवतही नाही आणि आवाज स्वच्छ राहतो. ‘चेंज पिच’ने तबल्याच्या बोलांची धार बोथट होते आणि मिंडीत पाण्यासारखी थरथर येते. मूळ दोष तबकडीच्या किंवा कॅसेटच्या वेगाचाच असेल तर ‘चेंज स्पीड’ हा खरा उपाय आहे, कारण त्याने लय आणि आवाजही मूळपदावर येतात. फाइल हलवली की नावातच पट्टी लिहून ठेवा, ‘भूप काळी एक’ असं. सहा महिन्यांनी कुठली हलवलेली आणि कुठली मूळ हे आठवत नाही.

शेवटची तपासणी कानाने. तंबोऱ्याच्या जागी पेटीचा षड्ज हलक्या हवेवर धरा. दोन्ही आवाज मिळून हेलकावे आले तर ते मोजा. काळी एकच्या आसपास सव्वा सेकंदाला एक हेलकावा म्हणजे ५ सेंटांचा फरक, तो चालतो. सेकंदाला तीन-चार हेलकावे आले तर पुन्हा मोजा.

एवढं करूनही गंधार भांडतो, आणि इथे पट्टी जुळवण्यात काही चुकलेलं नसतं. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो, शुद्ध धैवत १६ सेंट, शुद्ध निषाद १२ सेंट. कोमल गंधार उलट १६ सेंट उतरा. पंचमात फरक फक्त २ सेंटांचा, म्हणून तो नेहमी गोड लागतो. काळी एकच्या षड्जावर गायकाचा शुद्ध गंधार सुमारे ३४६.५ हर्ट्झला उभा राहतो आणि पेटीचा ३४९.२ ला. दोन्ही एकाच वेळी धरले तर सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे. भूप, यमन किंवा बिहाग लावून गायक गंधारावर थांबला की हे स्पष्ट ऐकू येतं. उपाय वाजवण्यातच आहे. गायक गंधारावर थांबला की पेटीचा गंधार धरून ठेवायचा नाही. त्याला हलका स्पर्श करून षड्ज किंवा पंचम द्यायचा, किंवा हवा कमी करून सूर विरू द्यायचा. ही साथीची जुनी सवय आहे, आणि ती लागण्यासाठी रेकॉर्डिंगइतका चांगला शिक्षक नाही, कारण गायक तुमच्यासाठी गंधार सोडून पुढे जात नाही. गांधार ट्यूनिंगची, म्हणजे एकाच पट्टीसाठी तंबोऱ्याच्या सुरांना मिळवलेली, पेटी असेल तर ती ज्या पट्टीसाठी लावली आहे तिथेच रेकॉर्डिंग आणा. दुसऱ्या पट्टीत तिचे सूर साध्या पेटीपेक्षा जास्त खटकतात.

आता आवाज कुठून ऐकायचा. मोबाइलच्या स्पीकरवर रियाज करू नका. त्यातून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं फार कमी येतं, म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्गा दोन्ही गेले. डग्गा ऐकू आला नाही तर तालातली भरी आणि काल (खाली) ओळखता येत नाही, आणि लय सुटण्याचं एक कारण हेच असतं. मध्यम आकाराचा स्पीकर समोर तीन-चार फुटांवर, कानाच्या उंचीला ठेवा. आवाज एवढा, की वाजवताना तबल्याची प्रत्येक मात्रा कळावी पण आपल्या पेटीचा एकही सूर बुडू नये. बहुतेक जण रेकॉर्डचा आवाज मोठा ठेवतात, कारण तसं गोड वाटतं. हेडफोन लावायचा झाला तर एकच कान झाका. दोन्ही झाकले की भात्याचे झटके आणि सुरांमधली फट कळत नाही.

ब्लूटूथबद्दल गैरसमज आहे. त्यात आवाज एक-दोन दशांश सेकंद उशिरा येतो हे खरं, पण तुम्ही जे ऐकता त्यालाच धरून खरी पेटी वाजवता, तेव्हा वाजवण्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते मुद्रण करताना. एकाच मोबाइलवर गाणं ब्लूटूथने ऐकून त्याच मोबाइलवर आपली पेटी रेकॉर्ड केली आणि दोन्ही एकावर एक ठेवले, की पेटी सगळीकडे मागे पडलेली दिसते. ते तुमचं मागे पडणं नसतं. तेव्हा मुद्रणासाठी वायरचा हेडफोन वापरा. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा आवाजच ब्लूटूथ स्पीकरवर घेत असाल तर मात्र ते लगेच थांबवा. तिथे बोट दाबल्यावर सूर उशिरा येतो आणि हाताला घाई करायची खोड लागते.

द्रुतात हात मागे का राहतो? बहुतेक वेळा बोटांचा वेग कमी पडत नाही. ऐकून मग वाजवणं हे कारण असतं. कानाला सूर कळून बोट हलायला दीड-दोन दशांश सेकंद जातात. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.३७५ सेकंदाची, म्हणजे ऐकून वाजवलं की अर्ध्या मात्रेचा उशीर ठरलेला. ८० च्या लयीत तोच उशीर पाव मात्रेचा होतो आणि खपून जातो. म्हणून मध्य लयीत सगळं ठीक चाललंय असं वाटतं आणि द्रुतात कोसळतं.

यातून साथीच्या रियाजाचे दोन वेगळे भाग पडतात आणि ते मिसळायचे नाहीत. मुखडा, स्थायी, अंतरा, तिहाई, जे तालात बांधलेलं आहे ते पाठ पाहिजे आणि गायकाबरोबरच वाजलं पाहिजे. आलाप, बोलालाप, ताना यांत मात्र गायकाच्या क्षणभर मागे असणं हीच साथ आहे. रेकॉर्डबरोबर वाजवणाऱ्यांची खोड अशी की दहा वेळा ऐकलेलं असल्यामुळे गायकाची तान त्यांना आधीच माहीत असते आणि ती ते गायकाबरोबर, कधी त्याच्याही आधी वाजवतात. घरात ते फार छान वाटतं. मैफलीत जिवंत गायकाच्या पुढे सूर टाकला की तो वैतागतो.

बांधलेल्या भागाचा रियाज असा करा. चार आवर्तनांचा तुकडा निवडा, जास्त नको. पेटी न उघडता पहिल्यांदा हाताने ताल धरून ऐका. तीनतालात टाळी १, ५, १३ ला आणि काल ९ ला. मुखडा कुठल्या मात्रेवर उठतो ते बोटावर मोजून लिहा. मग तोच तुकडा रेकॉर्डबरोबर सरगमने म्हणा. म्हणता येत नाही तोवर पेटीला हात लावू नका, कारण गळ्याला न सापडलेला सूर बोटं अंदाजाने शोधतात आणि तो अंदाजच बसून जातो. त्यानंतर रेकॉर्ड बंद ठेवून तंबोऱ्यावर वाजवा, आणि सगळ्यात शेवटी रेकॉर्डबरोबर.

वेग कमी करायचा तर मूळ लयीच्या ७५ टक्क्यांपासून सुरुवात करा. यूट्यूबवर ०.७५ चा वेग आहे आणि त्यात सूर बदलत नाही. ७० टक्क्यांच्या खाली जाऊ नका. तिथे आवाज फाटतो, तबल्याचे बोल पसरतात आणि मात्रा नेमकी कुठे पडली ते कळत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भात्याचा दम बदलतो. ओळ निम्म्या वेगाने वाजवताना जिथे भाता ओढता, तिथे मूळ वेगात तो ओढायची गरजच नसते, आणि दुप्पट हिसके द्यायची सवय लागते. ७५ वर सलग तीनदा न चुकता वाजलं की ८०, मग ८५. १०० ला पोचल्यावर एकदा १०५ करून बघा. त्यानंतर १०० सोपं वाटतं.

मुखड्याच्या उठावणीसाठी वेगळी कसरत आहे. समजा मुखडा नवव्या मात्रेवरून आहे. गायकाचा पहिला शब्द ऐकून वाजवायला लागाल तर दहाव्या मात्रेच्या जवळ पोचाल. म्हणून आठव्या मात्रेला भाता भरून बोट सुरावर ठेवलेलं पाहिजे. दहा आवर्तनं नुसती एवढीच कसरत करा: आठला हवा, नऊला सूर, पुढे काही वाजवायचं नाही. कंटाळवाणं आहे, पण द्रुतातलं मागे राहणं याने जितकं कमी होतं तितकं पलटे घोटून होत नाही.

गायक-गायिकांच्या रेकॉर्ड वाजवण्याआधी ठेक्यावर लेहरा, म्हणजे एका आवर्तनाची तीच ती ओळ, धरण्याचा रियाज केलेला बरा. तबल्याच्या अॅपवर तीनताल मिनिटाला १२० मात्रांना लावा, म्हणजे ८ सेकंदांचं आवर्तन. भूपातली ही साधी ओळ घ्या: ग ग रे सा । ध़ सा रे ग । प ग ध प । ग रे सा रे. पहिला ग समेवर, प कालेवर. कालेपासून ओळीचा उत्तरांग भाग सुरू होतो, त्यामुळे आपण कुठे आहोत ते लगेच कळतं. ही एक ओळ दहा मिनिटं, म्हणजे ७५ आवर्तनं, एकही सूर न वाढवता वाजवायची. पाचव्या मिनिटाला हरकती घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. दहा मिनिटं सम एकसारखी पडली की झपताल १०० ला, ६ सेकंदांचं आवर्तन, आणि मग रूपक ८४ ला, ५ सेकंदांचं. रूपकात सम कालेवर असते, तिथे भल्याभल्यांची मोजणी गडबडते. अभंगासाठी भजनी ठेका वेगळा काढून तेवढाच दोन-तीन दिवस वाजवा. त्यातला डग्ग्याचा झोल केरव्यापेक्षा वेगळा आहे आणि केरव्याच्या हिशेबाने वाजवलेला अभंग सपाट लागतो.

आता आधार काढण्याची परीक्षा. रेकॉर्ड किंवा ठेका चालू असताना आवाज पूर्ण बंद करा, चार आवर्तनं तसेच वाजवत राहा, मग आवाज वाढवा. १२० च्या तीनतालात हे ३२ सेकंद होतात. सम जुळली तर लय तुमची झाली. अर्धी मात्रा पुढे सापडलात तर घाई होते आहे, मागे सापडलात तर कुठेतरी बोटं अडतात. साधारणपणे सोप्या जागी आणि तिहाईत माणूस धावतो, अवघड बोटांच्या जागी रेंगाळतो. चूक नेमकी कुठे झाली ते शोधायचं असेल तर मुद्रण करून त्यावर ताल धरून ऐका. हे मुद्रण लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐकलं की भात्याचे हिसके, दोन सुरांमधली मोकळी जागा, अकारण मोठा झालेला सूर हे सगळं दिसतं. वाजवताना आपलं सगळं लक्ष गायकाकडे असतं, त्यामुळे हे तेव्हा कळत नाही.

मागोमाग जाण्याच्या रियाजाला उलट प्रकारची रेकॉर्ड लागते: पूर्वी कधीही न ऐकलेली. राग माहीत असलेला, गायक अनोळखी. पहिल्या वेळी फक्त आलापाची शेवटची जागा पकडा, म्हणजे गायक ज्या सुरावर थांबला तो सूर द्या, बाकी गप्प. दुसऱ्या वेळी शेवटचे तीन-चार सूर उचला. सगळं पकडायचा हव्यास धरू नका. तान सुटली तर तिच्यामागे धावायचं नाही, ती जिथे संपेल तिथे उभं राहायचं. तिसऱ्यांदा तेच रेकॉर्डिंग वाजवू नका, कारण तोवर ते पाठ व्हायला लागतं आणि परीक्षा संपते. एका रेकॉर्डला दोन वेळा, मग नवीन.

ख्याल निवडताना विलंबित एकताल इतक्यात नको. एक मात्रा चार-पाच सेकंदांची असते आणि तिच्यातले चार भाग मोजता येत नसतील तर नुसतं भरकटणं होतं. तीनतालातल्या मध्य लयीच्या बंदिशी, एकच गायक, स्पष्ट तबला अशी रेकॉर्डिंगं घ्या. नाट्यगीतांच्या जुन्या तबकड्या ऐकायला अमूल्य आहेत, पण एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावत असल्याने गायकाने सगळं दाटीवाटीने बसवलेलं असतं. श्वास घ्यायला जागा नसते, आणि ऑर्गन आधीच सगळ्या फटी भरत असतो. त्यांची चाल उचला, साथीचा अंदाज मात्र बैठकीच्या मुद्रणावरून घ्या. वाद्यवृंद असलेली चित्रपटगीतं साथीच्या रियाजाला कामाची नाहीत. तिथे पेटीने काय करायचं ते आधीच दुसऱ्यांनी करून ठेवलेलं असतं.

एक धोका उशिरा लक्षात येतो. आवडत्या गायिकेची सगळी रेकॉर्डिंगं काळी चारमध्ये असतील तर तुमची बोटं फक्त काळी चार शिकतात. तिथे ग, ध, नी पांढऱ्यावर आणि बाकीचे काळ्यांवर. अंगठा ग आणि नीवर चालतो. काळी एकमध्ये ग आणि नी एवढेच पांढरे. पांढरी चारमध्ये मध्यम सोडून सगळं पांढऱ्यावर. तीच तान, पण बोटांची ठेवण तिन्ही ठिकाणी वेगळी. म्हणून पाठ झालेला तुकडा ऑडॅसिटीत दोन अर्धे सूर वर आणि दोन खाली हलवून पुन्हा वाजवा. तीनपेक्षा जास्त हलवलं तर आवाज बाहुल्यांसारखा होतो, तिथे थांबा. स्केल चेंजर पेटी असेल तर तिचा पट्टा या रियाजात हलवायचाच नाही. हलवला की बोटं जुन्याच जागी राहतात आणि कसरतीचा उद्देशच जातो.

वेळेची वाटणी सांगायची तर ४५ मिनिटांत २० मिनिटं नुसत्या तंबोऱ्यावर, १० मिनिटं ठेक्यावर लेहरा, आणि रेकॉर्डबरोबर १५ मिनिटं. त्या १५ मधलीही पाच मिनिटं आवाज बंद ठेवूनच जातात. गुरुजींना हे प्रमाण सांगा आणि महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर रेकॉर्डशिवाय तोच तुकडा वाजवा. त्यांची हरकत बहुधा सगळा रियाज गाण्यांवर ढकलण्याला असते. शाळेतली कोणी मुलगी, शेजारची भजनी मंडळी, ज्यांना पंधरा दिवसांतून एकदा अभंग म्हणायचे असतात, अशी माणसं मिळाली तर रेकॉर्डची १५ मिनिटं त्या दिवशी सरळ सोडून द्या. भजनी मंडळी मध्येच पट्टी बदलतात, ओळ दोनदा घेतात, लय वाढवतात, आणि यातलं काहीही आधी सांगत नाहीत.